फुलांऐवजी काय?

डेल,

तुझी लिलीची फुलं पोचली. नेब्रास्कातल्या आपल्या गावात एवढा मोठा गुच्छ कुणी पाहिला नव्हता. शेजारच्या ओल्सनकाकू म्हणाल्या, "बघ, ॲरिझोनात राहूनही पोरगा आईला विसरला नाही हो!" मी मान हलवली आणि त्यांनी आणलेलं नूडल्सचं कॅसरोल फ्रीजमध्ये ठेवलं.

गावच्या पेपरात निधनवार्ता मीच लिहिते, तुला ठाऊक आहे. लोक माहिती लिहून पाठवतात, शेवटी ‘इन लू ऑफ फ्लावर्स’, म्हणजे ‘फुलांऐवजी’, एवढं लिहितात आणि तिथंच थांबतात. मग मला फोन करावा लागतो. "अहो, फुलांऐवजी काय, ते सांगा ना! वाचणाऱ्याला काहीतरी करू द्या." मग कुणी चर्चच्या छपरासाठी देणगी सांगतं, कुणी भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यासाठी.

आईची वार्ता लिहिताना मीही तिथंच थांबले. आमचा संपादक व्हर्न मागे येऊन उभा राहिला.

"लोर्ना, फुलांऐवजी काय? यावरून सगळ्या गावाला झापतेस तू!"

"सुचत नाही," म्हटलं, आणि ती ओळच काढून टाकली.

म्हणून आता घरभर फुलं आहेत. मी त्यांचं पाणी बदलत असते. रडू येत नाही, वासानं डोकं मात्र चढतं. हे पत्र पाठवेन असं वाटत नाही.

सुचलं होतं मला. ‘फुलांऐवजी तू ये.’ पण निधनवार्ता गावासाठी असते, आणि गाव न सांगताही येतं.

तुझी बहीण,
लोर्ना