पोर्चवरच्या पिंपळाला मीठ

शिरूर कासार

पाशा, तुला मोहनचा सलाम, तुझ्या मेहेकच्या लेकराला गोड पापा, आणि रहेमतभाभींच्या गुडघ्यांची काळजीपूर्वक चौकशी. आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे, एक पोर्च सोडून.

नगरला जायच्या आधी तू घातलेला पोर्चचा स्लॅब (ज्याच्याखाली बसून मी रोज सकाळी अख्ख्या गावाची खबर घेतो) खालून खपल्या टाकतोय. परवा एक थेट माझ्या चहात पडली. ती काढून मी चहा प्यालो, तो भाग वेगळा. पण तुझ्या मुक्ताभाभींनी ते फोनवर अंगदला सांगितलं. पोरगा म्हणाला, आणखी एक तुकडा पडला तर घराला कुलूप घालून तुम्हा दोघांना पुण्याला घेऊन जातो. त्याच्या सातव्या मजल्यावर, पाशा! तिथं मी रामराम घालू कुणाला, लिफ्टला? माझा तर जीवच जाईल.

वर अंगदला वाटलं, पाशाचाचांनी सिमेंट कमी घातलं. मी कडाकडा भांडलो. शेवटी माझी पुतणी सुकन्या आली. ती बीडला इंजिनियर आहे. वर चढून बघते तर कठड्याच्या बुडाशी फटीत पिंपळ, आणि त्याच्याभोवती खाराचा पांढरा थर. आता पिंपळ तोडणं आमच्या घरात चालत नाही. मुक्ताबाईंनी आधीच बजावलं होतं, "त्याला हात लावायचा न्हाई, लई वंगाळ हाय." म्हणून मी हात न लावता काम करत होतो. रोज मूठभर खडेमीठ त्याच्या बुडाशी टाकायचो (शनिवार सोडून, शनिवारी त्याला पुजतात). आपण मारायचं नाही, त्यानं आपलं आपण मरावं, इतकीच माझी साधी इच्छा. पण त्याला मीठ मानवलं. पानं बशीएवढी झाली!

सुकन्यानं सांगितलं, मीठ पाण्याबरोबर फटीतून आतल्या सळयांपर्यंत पोचलं, सळया गंजल्या, आणि गंज फुगला की तोच काँक्रीटला बाहेर ढकलतो. "काका, पिंपळ न्हाई मेला, गज मेले की हो!" मग तिनं तूच घातलेल्या घराच्या मोठ्या स्लॅबला हातोडीनं ठोकून पाहिलं. तो खणखणीत वाजला. मला इतकं बरं वाटलं की तिला दुसरा चहा पाजला (पोर्चबाहेर). तुझं नाव निर्मळ राहिल्याचं अंगदलाही कळवलं (मीठ वगळून). फक्त एक कोडं राहिलं. सुकन्या म्हणते, नुसत्या कोरड्या मिठानं इतकं होत नाही. आपल्याकडं पाऊस तो केवढासा, मग रोजचं पाणी आलं कुठून?

असो. बाकी मजेत आहे.

तुझा,
मोहन

ता. क. अंगद पोळ्याला येतोय. त्याच्याआधी तू ये. खराब भाग फोडून, गंजानं खाल्लेल्या सळया बदलून पोर्च नवा करून दे. पिंपळ मुळासकट काढून नारायणगडाच्या वाटेला लावू. मुक्ताबाई म्हणतात, पाशाभाईंनी काढला तर पाप लागत नाही. मागं असंच म्हणालो तेव्हा तू म्हणालास, "पाप तुझं अन् हात माझे, कावून बे?" म्हणून या वेळी एक हात माझाही लावतो.

आणखी ता. क. पाण्याचं कळलं. मुक्ताबाईंना मिठाचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं पाप फिटावं म्हणून त्या रोज माझ्यामागं गच्चीवर जाऊन पिंपळाला तांब्याभर पाणी घालत होत्या. मीठ माझं, पाणी त्यांचं! संसारात आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. अंगदला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. नाहीतर पोर्च दुरुस्त झाला तरी तो आम्हाला पुण्याला नेईल.