उभी झाडं

ता. ५

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

मर रोगावरचं माझं सतरा नंबरचं औषध फवारल्यावर तुझ्या शेतातली टोमॅटोची सगळी रोपं उभी राहिली, हे तुझ्या पत्रात वाचून मी अख्ख्या प्रयोगशाळेला चहा पाजला. हा रेणू जुळवताना माझी तीन वर्षं गेली, तुला ठाऊकच आहे. मोठे साहेब तर हवेत आहेत. पुढच्या सोमवारी औषधाला मंजुरी देणारे अधिकारी तुझ्याकडे पाहणीला येतील.

पण साहेबांची घाई बघून मला शिसारी येते. काचेच्या बशीत मेलेले जिवाणू झाडात मरतीलच असं नाही, हे त्यांच्या कानात शिरतच नाही. म्हणून एक कर. एक खोड बुडाशी काप आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगून ठेव. आत जिवाणू जिवंत असतील तर पाण्यात पांढरं उतरेल; पाणी नितळ राहिलं की मी सुटले.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

ता. ८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोडातून दुधासारख्या पांढऱ्या तारा पाण्यात उतरल्या. वास असा की जेवण गेलं नाही.

रागावू नकोस. रोपांनी आधीच माना टाकल्या होत्या. साहेबांचा माणूस मोजायला येणार होता आणि त्याला फक्त उभी की आडवी एवढंच बघायचं होतं. मग मी सुतळीने एकेक रोप वरच्या तारेला बांधलं. माझ्या ताईचं औषध नापास होतंय, हे मला बघवेना. तुला 'उभी' लिहिलं ते काही खोटं नव्हतं.

तुझा ठोंब्या

ता. १०

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा कमी.

तुझं पत्र वाचून आधी तुझीच किळस आली. मग ते साहेबांपुढे ठेवलं. चहात बिस्कीट बुडवत ते म्हणाले की बांधलेलं झाडही उभंच असतं, बाटल्या तर बाजारात जाऊ देत. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा लगदा लागला होता. मी उठून आले. तू निदान माझ्यापायी केलंस. हा माणूस शेतकऱ्यांना औषध म्हणून पाणी विकेल आणि वर बिस्कीट खाईल.

सतरा नंबर माझं पोर आहे रे, पण नापास ते नापास. सोमवारी अधिकारी यायच्या आत सगळ्या सुतळ्या काप. पडायचं ते त्यांच्यासमोर पडू दे, आणि तो ग्लासही दाराशीच ठेव. नोकरी गेली तर तुझ्याकडे येईन आणि अठरा नंबर तिथेच सुरू करू.

लोभ ठेव, सुतळी ठेवू नकोस.

तुझी ताई