सिंधुची शाळा आणि माझी वाटणी

मी, उमाबाई संगप्पा खानापुरे, वय अडुसष्ट, धंदा स्वयंपाक शिकवणे, राहणार लातूर, मूळ गाव उदगीर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. पती वारले, मूलबाळ नाही. सख्खी म्हणावी अशी एकच, धाकटी बहीण सिंधु. तिची पुण्यात स्वयंपाकाची शाळा आहे.

कलम १. पोस्टातील ठेव पुतणे माणिकप्पा यांना द्यावी. त्यांनी माझ्या दुखण्यात दवाखान्याच्या खेपा केल्या आणि माझ्यासमोर एकदाही सिंधुचे कौतुक केले नाही.

कलम २. पितळी पातेली, पाटा-वरवंटा आणि वर्गाचा सगळा सरंजाम घराबरोबरच (कलम ४) जावा. १९८२ साली लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांबरोबर साहेबलोकांच्या बायका आल्या. त्यांना आमची शेंगापोळी शिकायची होती. समोरच्या खोलीत मी वर्ग काढला. सिंधु माझ्याच हाताखाली तयार झाली. १९८८ साली पुण्याच्या एका संस्थेने मला शिकवायला बोलावले. पत्र माझ्या नावाचे होते. पती म्हणाले, "तू गेलीस तर घर कोण बघंल? सिंधुला धाड की." मीच तिची पिशवी भरली. बसस्टँडवर ती रडत होती. मी तिच्या हातातल्या पत्राकडे बघत होते.

पुण्याहून ती परदेशी गेली. स्पेनच्या उत्तरेला बास्क म्हणून डोंगराळ लोक राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात दोन वर्षे राबली. २०१४ साली तिने पुण्यात त्यांच्या पद्धतीची शाळा काढली. तिथे सगळ्यांनी मिळून रांधायचे आणि एका लांब टेबलावर बसून जेवायचे. पुरुषसुद्धा कांदा चिरतात.

कलम ३. कपाटातले वर्तमानपत्राचे कात्रण सिंधुला द्यावे. त्यात ती म्हणते, "मी आईकडून शिकले." आमची आई ती तीन वर्षांची असताना गेली. मी फोनवर विचारले, "कोणती गं आई?" ती म्हणाली, "अक्का, तुझ्याशिवाय मला कोणती आई आठवती?" बरे वाटले. तरी नाव छापले नव्हतेच.

कलम ४. राहते घर नांदेडकडच्या उमरीच्या लक्ष्मीबाई यांना द्यावे. त्या माझ्या नात्याच्या नाहीत, म्हणून कारण लिहिते.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने येत होते. माझा वर्ग बंद पडला. सिंधुने मला पुण्याला नेले. तिच्या शाळेत बास्क देशाचे पाहुणे जेवायला येणार होते. खारवलेला मासा दोन दिवस भिजत घातला होता, मीठ उतरावे म्हणून त्याचे पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे. ते काम लक्ष्मीबाईकडे होते. चाळिशीची विधवा बाई, शाळेत स्वयंपाकाला होती, माझे अंथरूणही तीच घालायची. मोरीत ओतलेले ते पाणी मला बघवेना. ती दुसऱ्या दिवशी बदलायला आली तेव्हा मी म्हणाले, "राहू दे. सिंधुनं बदललंय." संध्याकाळीही तेच सांगितले.

पाण्याची कळकळ म्हणून केले, असे मी तीन वर्षे मनाला सांगत आले. ते खोटे आहे. माझ्या नावाच्या पत्रावर उभी राहिलेली ती शाळा मला एकदा तरी पडलेली बघायची होती.

पाहुण्यांनी घास घेतला आणि पाण्याचे पेले उचलले. ते गेल्यावर सिंधुने विचारले, पाणी का बदलले नाही. लक्ष्मीबाई म्हणाली, "अक्का म्हणल्या, पाणी बदललंय म्हणून." सिंधुने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "मी? मी माशाच्या भांड्याजवळबी जात न्हाई." आम्ही लिंगायत, हे सिंधुला कोणी सांगायला नको. तिने मानले. लक्ष्मीबाई त्याच दिवशी कामावरून गेली. जाताना माझ्या पाया पडली.

कलम ५. इथवरचे सिंधुने माझ्यामागे वाचावे असे ठरवले होते. पण आज सकाळी ती भेटायला आली आणि मीच कागद तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला.

"मेल्यावर सांगणार होतीस व्हय?"

"हाव."

"मी तिला चोरासारखं काढलं, अक्का. तिचं एक ऐकून घेतलं न्हाई." तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल. उमरीला जाऊ. घर नंतर दे, आधी तोंडानं सांग."

दुपारच्या नांदेड गाडीने आम्ही निघत आहोत. दार उघडल्यावर लक्ष्मीबाई आधी सिंधुलाच 'या बाई' म्हणेल, हे मला माहीत आहे, आणि ते आत्तापासून सलते आहे. तरी जाते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: उमाबाई संगप्पा खानापुरे

साक्षीदार:
१. हणमंतराव शिवराम जाधव, शेजारी
२. सरजाबाई केरबा कांबळे, निवृत्त शिक्षिका

लातूर, ८ फेब्रुवारी २०१९