खिंड उघडी होती

स्वार्टहोल, २ जून १९६४

चि. हेर्दिस हिस, अनेक आशीर्वाद.

मेंढ्या व्याल्या एकदाच्या. यंदा मी रेक्याविकला नक्की येते. केतिलदादा विचारतो, बाबांची लापशी कोण करणार? म्हटलं, तुला हात नाहीत? तेव्हापासून तोंड फुगवून बसलाय. वीस वर्षं या दरीबाहेर पाऊल टाकलं नाही गं. कधीकधी चुलीपाशीच जीव घुसमटतो. तिकडे म्हणे गरम जमिनीत भांडं पुरलं की पाव भाजून निघतो? मला बघायचंय. गवत कापून झालं, मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, की निघालेच.

तुझी ताई,
स्वावा

रेक्याविक, २० जून

ती. स्वावाताईस, सा. न. वि. वि.

'गवत झालं की, मेंढ्या उतरल्या की' हे अकरा वर्षं ऐकतेय. माझं लग्न झालं, पोरं झाली, तू काही उगवली नाहीस. १२ ऑक्टोबरच्या बोटीने आम्ही कायमचे कॅनडाला चाललो, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आधी ऊन पाण्याच्या तलावात डुंबायचं, मग लाव्हाच्या माळावर उकळता चिखल बघायचा, आणि तो पाव, वर चांगलं बोटभर लोणी. पोहायचा पोशाख अंदाजाने शिवलाय. जाडी झाली असशील तर उसवू.

वाट बघणारी,
हेर्दिस

रेक्याविक, ५ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

बर्फाने खिंड बंद झाली, असं तू काल फोनवर सांगितलंस. त्याच संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरने तू दिलेली मेंढीची धुरावलेली तंगडी दारात आणून दिली. बंद खिंडीतून मटण आलं कसं गं? तो म्हणाला, दादाने स्वतः तुझी ट्रंक चढवली आणि तू ती उतरवून घेतलीस. रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावलेय, फार. आठ तारखेला पुन्हा बस आहे.

हेर्दिस

स्वार्टहोल, ८ ऑक्टोबर

चि. हेर्दिस,

खोटं बोलले. दादा म्हणाला जा, शेजारच्या गुद्नीमावशी लापशी करतील. बाबांनीही मान हलवली. इतकी वर्षं म्हणत आले, घरचे मला सोडत नाहीत. सगळ्यांनी सोडलं, आणि माझाच पाय उचलेना. तिकडचं एकदा बघितलं की परत येऊन इथे राहता यायचं नाही मला. आणि राहायचं तर इथेच आहे.

आत्ता बस दारात उभी आहे. ट्रंक अजून भरलेलीच आहे. ड्रायव्हर विचारतोय, बाई, येताय की नुसतं पत्रच? बोट सुटायच्या आत हे तुला मिळेल, त्याच्याच हाती देतेय.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.

तुझी ताई