फितूर राखणदार

आप्पा,

मोबाइलवर गोष्टी लिहिणं म्हणजे काय हे आधी तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता. मी आता शहापूरला एका मेडिकलच्या काउंटरवर बसते आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोष्टी लिहिते. पात्रं माझी नाहीत. टीव्हीवर एक मालिका लागायची. डोंगराच्या पोटात नागमाणसं राहतात, वर गावकरी, आणि दोघांचं पिढ्यान् पिढ्यांचं वैर. मालिका संपली, पण बघणाऱ्यांचं मन भरलं नव्हतं, तेव्हा लोक तीच पात्रं घेऊन पुढचं स्वतःच लिहायला लागले. कोणी मेलेल्याला जिवंत करतं, कोणी राहून गेलेली लग्नं लावतं. याला फॅन फिक्शन म्हणतात. लेकीनं मला मोबाइलवर अशा गोष्टींचं अॅप घालून दिलं तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळेन.

त्या मालिकेत नागांच्या दाराचा एक राखणदार होता. तीन-चार भागांपुरताच. विहीर खणताना जमीन खचून काही गावकरी खाली नागांच्या गुहेत अडकतात, नाग त्यांना तसंच मरू द्यायचं ठरवतात, आणि हा राखणदार दार उघडून त्यांना बाहेर काढतो. पुढे त्याच दारातून गावकऱ्यांची फौज आत शिरते. नाग त्याला फितूर ठरवतात आणि त्याचा सख्खा भाऊच त्याला दरीत लोटतो. संपलं. अॅपवर मात्र तो संपलेला नाही. लोक त्याला रोज नव्यानं मारतात. कोणी त्याची जीभ कापतं, कोणी त्याला नागांच्या बायकांकडून दगड मारवतं. गावकऱ्यांच्या राजानं त्याला फसवून फौज आत घातली, ते कोणाच्या खिजगणतीत नाही, राग सगळा ह्याच्यावर, कारण हा आपल्यातला. मी लिहिलेल्या पहिल्याच गोष्टीत त्याला जिवंत ठेवलं. खाली एकानं लिहिलं, "घरभेद्याची बाजू घेता, म्हणजे तुमच्याही घरात कोणीतरी असणार." त्याला काही माहीत नव्हतं. सहज लिहिलं असेल. मी मोबाइल पालथा घातला आणि खोकल्याच्या बाटल्या पुसत बसले.

आसनगावच्या अलीकडचा तुमचा कारखाना अजून डोळ्यांसमोर येतो. पत्र्याचे डबे व्हायचे तिथे. तुमची बोटं कायम चिरलेली, आई जेवायला वाढताना भातावर तुपाची धार सोडायची तसं तुमच्या बोटांवर खोबरेल सोडायची. मला तुम्ही कंपासपेटी करून दिली होती, कडा आत वळवून, वर बोट फिरवून बघितलेली. वर्गात कोणाकडेच तशी नव्हती. मग संप झाला. सगळा उन्हाळा फाटकावर बसण्यात गेला. मालकानं ठेकेदाराकडून बाहेरगावची माणसं आणून आत कोंडून ठेवली होती, तिथेच काम, तिथेच झोप. तुमच्या लोकांनी पाण्याचा टँकर अडवला आणि मागच्या फाटकाला आपलं कुलूप घातलं. किल्ली तुमच्याकडे दिली, कारण तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तुम्ही घरी आईला सांगितलंत, "माज्याकडं मागचं फाटक दिलंय." जरा छाती पुढे काढूनच सांगितलंत.

आणि एका दुपारी तुम्ही त्या माणसांना घेऊन घरी आलात. मी नववीत होते. ओटीवर अभ्यासाला बसलेली. शेताच्या बांधावरून एकामागोमाग एक माणसं येताना दिसतात, पुढे तुम्ही. ओठ पांढरे पडलेले, एकाच्या पायात चप्पल नाही. आईनं काही विचारलं नाही, चुलीवर भाताचं मोठं पातेलं चढवलं. मी हंड्यातून तांबे भरभरून देते आहे आणि ते पितात, पितच राहतात, एक जण तर पिता पिता रडतो. स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नव्हती, काही पडवीत बसले. मी तुमच्याजवळ येऊन म्हणाले, "आप्पा, ही तर संप फोडणारी माणसं. तुमच्या जागेवर आलेली."

"ताटं मांड," तुम्ही म्हणालात.

"पन आप्पा..."

"ताटं मांड म्हनलं ना गो! पावन्यांसमोर तोंड चालवती."

माझ्यावर तुम्ही असे क्वचितच ओरडलात. जेवण झाल्यावर तुम्ही त्यांना आडवाटेनं स्टेशनावर नेऊन गाडीत बसवून दिलंत. परत येईपर्यंत मागचं फाटक उघडंच होतं. मालकाची माणसं टपलेलीच होती, त्यांनी टेम्पो आत घातला आणि डब्यांचे सगळे साचे काढून नेले. साचे गेले म्हणजे कारखानाच गेला. मालकानं तो दुसरीकडे उभा केला, इथे टाळं लागलं, संप आपोआप संपला. सगळ्यांची नोकरी गेली. तुमचीही गेली, हे मात्र कोणी मोजलं नाही.

त्यानंतरचं तुम्हाला सांगायला नको. दुकानात आईला उभं करेनात. विहिरीवर आम्ही गेलो की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. भिंतीवर कोळशानं शब्द लिहिला होता, तो तुम्ही पुसला नाहीत, पावसानं गेला. शेवटी आपण मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला, तुमच्या मामांच्या जमिनीवर भात लावायला गेलो. एवढ्या वर्षांत तुम्ही एकदाही स्वतःची बाजू मांडली नाहीत. आई चिडून म्हणायची, "बोला ना कायतरी. लोक थुकत्यात आपल्यावर." तुम्ही बैलाला पेंढा टाकायला निघून जायचात. मला तेव्हा वाटायचं, बोलण्यासारखं काही नसणारच. दया आली, दार उघडलं, मागचा विचार केला नाही. मोठी झाल्यावरही मी तेच धरून चालले होते.

माझी लेक माझी गोष्ट वाचून म्हणाली, "आई, लोक चिडणारच ना. त्याला कायतरी कारण दे. त्याची बायको ओलीस ठेव, नायतर नागांच्या राजाचा छुपा हुकूम होता असं दाखव." मी तसं केलं. राखणदाराच्या बायकोला गावकऱ्यांच्या ताब्यात दिलं, त्यानं बिचाऱ्यानं तिच्यासाठी दार उघडलं. लोक एकदम खूश. "आता पटलं," "रडवलंत ताई." ज्यानं मला घरभेद्यावरून टोमणा मारला होता त्यानंही बदामाचं चित्र पाठवलं. मला फारसा आनंद झाला नाही. पुढचं काही सुचेना, तेव्हा लिहिणं काही दिवस बंद ठेवलं.

त्याच सुमारास काका दुकानात आले. तुमच्या युनियनचे, आपल्याकडे नेहमी जेवायला असायचे आणि ज्यांनी आपल्याला वाळीत टाकायची बोलणी सगळ्यात पुढे होऊन केली, तेच. मी बीपीच्या गोळ्या काढून दिल्या. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"तू डबेवाल्या कारखान्यातल्याची पोर ना गो? फाटकावर होता त्याची?"

मी हो म्हटलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ते बाहेर जायला वळले, पायरीपर्यंत गेले आणि परत आले.

"त्या दिवशी आमी रंगाच्या गोदामाला आग लावनार होतो," ते म्हणाले. "रॉकेल माज्याच हातात होतं. ती मानसं पलीकडच्याच खोलीत. आमाला वाटलं, धुरानं घाबरतील, मालक ताळ्यावर येल. तुजा बाप म्हनला, नको, रंग हाय, मानसं जळतील. कोनी आयकला नाय. मग तो गप निघून गेला. आमी गोदामाशी पोचलो तं खोली रिकामी."

मी विचारलं, "मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगून आमीच आत गेलो असतो. आन् त्यानंबी नाय सांगितलं." त्यांनी गोळ्यांची पिशवी खिशात घातली. "पन माज्या पोरांची शाळा सुटली त्यात. साचे गेले ते त्याच्यामुळंच. ते मी इसरलो नाय. त्याला मी आजबी फितूरच म्हनतो, तुला वाईट वाटू दे."

मला वाईट वाटलं नाही. मी त्यांना सुट्टे पैसे दिले आणि गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या म्हणून सांगितलं. ते गेल्यावर मात्र बराच वेळ मला काही वाचता येईना, एका बाईला चुकीचं मलम काढून दिलं आणि परत बोलावून बदलून द्यावं लागलं. तुमच्याकडे कारण होतं. इतकं सरळ, की आईनं विहिरीवर एकदा सांगितलं असतं तरी बायकांनी हंडे परत खाली ठेवले असते. पण ते सांगायचं म्हणजे काकांचं नाव घ्यायचं, आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्यांचं. तुम्ही उलटलात असं ज्यांनी गावभर केलं, त्यांनाच तुम्ही शेवटपर्यंत पोलिसांपासून झाकून ठेवलंत.

मी राखणदाराची गोष्ट पुन्हा लिहिली. बायकोला ओलीस ठेवलेलं काढून टाकलं. दरीच्या काठावर भाऊ त्याला विचारतो, का केलंस, आणि तो काही सांगत नाही, कारण सांगितलं तर गुहेत आग लावायला निघालेल्या भावाचंच नाव पुढे येईल. एवढंच. भाऊ त्याला लोटतो की नाही तेही लिहिलं नाही. वाचणारे निम्म्यानं कमी झाले. लेक म्हणते, "आई, हे लोकांना कळनारच नाय." बरोबर आहे तिचं. खरी हकिगत तिलाही सांगितलेली नाही. काका महिन्याच्या महिन्याला गोळ्या न्यायला येतात, त्यांची नात आता माझ्याशी बोलते, आणि आई उरली नाही. त्यामुळे हे पत्र कोणाला दाखवायचं नाही, अॅपवर तर नाहीच. लिहून झालं की पुसून टाकणार.

पण पुसायच्या आधी एक सांगते. तुमच्या जागी मी असते तर फाटक कदाचित मीही उघडलं असतं, ती माणसं तहानेनं आणि धुरानं मरणार हे कळल्यावर कोणीही उघडेल. गप्प मात्र राहिले नसते. पहिली शिवी कानावर पडताच चौकात उभी राहून एकेकाचं नाव घेतलं असतं, आणि रात्री निवांत झोपले असते.