खिळ्याने ठोकलेला बिल्ला

आई, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

ताईकडे तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस.

इकडे सगळं ठीक. खाण बंद झाली म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बेटाला ओरबाडणं पुरे, आता पाहुण्यांवर जगायचं असं ठरलंय. मी त्यांना तीच खाण दाखवतो. पूर्वी दिवसातून एकदा उतरायचो, आता आठदा; पण इस्त्रीच्या शर्टात! खाली मिनिटभर दिवे घालवतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. अंधाराला टाळ्या, बोल आता!

खाणीच्या तोंडावरचा फळा आठवतो ना? उतरताना आपला बिल्ला लावायचा, वर आलं की काढायचा. बाबांचा त्या दिवसापासून तिथेच आहे. साहेब म्हणाले, "तुझाही शेजारी लाव, फोटोत बापलेक शोभतील." लावला. संध्याकाळी सवयीने काढायला गेलो, तर कुणी नेऊ नये म्हणून साहेबांनी तो खिळ्याने ठोकलेला.

सोडून यावं म्हटलं, तर वर्षभराच्या करारावर सही करून बसलोय.

काळजी करू नकोस. रोज वर येतो, पोटभर जेवतो. फक्त फळ्याच्या लेखी मी अजून खालीच आहे, बाबांजवळ.

तुझा,
धाकटा