‘तिसरी पाळी’च्या कार्यक्रमातली माझी खुर्ची

मी, कुलयाश बेक्तुरोवा, वय त्रेसष्ट, निवृत्त क्रेनचालक, राहणार करागंदा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय, आणि त्याचं ऑपरेशन तीन सप्टेंबरला आहे. ‘तिसरी पाळी’ या आमच्या खाणकामगारांच्या रॉक बँडचा नवा अल्बम सतरा वर्षांनी येतोय, बारा ऑक्टोबरला. दौऱ्याचा पहिला कार्यक्रमही त्याच दिवशी, आमच्याच गावात. डॉक्टरांना विचारलं, “तोवर टिकेन ना?” म्हणाले, “बघू या.” बघू या म्हणणाऱ्यावर मी विसंबत नसते, म्हणून हा खटाटोप.

१. माझं दोन खोल्यांचं घर आणि त्यातलं सगळं सामान भाची आयझादा हिला द्यावं. टेपरेकॉर्डर आणि एकेचाळीस कॅसेटीही तिच्याच. हा टेप क्रेनच्या केबिनमध्ये लावून मी सव्वीस वर्षं या गावाच्या भिंती उचलल्या. त्याचं हेड स्पिरिटच्या कापसाने पुसावं. माझा पूर्वीचा नवरा ओराल्बेक थुंकी लावून पुसायचा. घटस्फोटाला तेवढं कारण पुरेसं होतं, पण आणखीही होती.

२. चाहता मंडळास: हे लोक दर रविवारी कँटीनमध्ये चहा ढोसतात आणि न ऐकलेल्या अल्बमवर निकाल देतात. एक म्हणतो, “जुनी धार गेली हो!” दुसरा म्हणतो, “गायकाचा गळा बसलाय.” अरे, तुम्ही ऐकलंत कधी? कार्यक्रमातही हे फोन उंच धरून उभे राहणार आणि मागच्याला काही दिसू देणार नाहीत. यांना माझे क्रेन डेपोतले कानात घालायचे बोळे द्यावेत. नाहीतरी कान ते वापरतच नाहीत.

३. ओराल्बेकला मी काहीही देणार नव्हते. एकोणनव्वद साली, याच बँडच्या कार्यक्रमात, माझं सगळ्यात आवडतं गाणं सुरू झालं आणि हा सामसा, म्हणजे आमचा मटणाचा समोसा, आणायला उठला. परत आला तेव्हा गाणं संपलेलं, आणि वर मलाच म्हणतो, “गरम आहे, खा की!” असला दगड. आज तो मंडळाचा अध्यक्ष आहे, स्वतःच स्वतःला नेमलेला.

पण एप्रिलात तो दारात येऊन ओरडला, “सुयुंशी!” आनंदाची बातमी आणणाऱ्याला तो मागेल ते द्यायचं, ही आमची रीत. शहाणा माणूस आधी बातमी ऐकतो. मी मूर्ख, सतरा वर्षं वाट पाहून पाहून घायकुतीला आलेली. म्हणाले, “घे बाबा, काय हवं ते घे! बोल आधी!”

त्याने अल्बमचं सांगितलं, दौऱ्याचं सांगितलं. मी रडले, हे मान्य करते. मग त्याने मागितलं, “कार्यक्रमात तुझ्या शेजारची खुर्ची.”

“दुसरं काहीतरी माग, मेल्या! कॅसेटी माग.”

“नको. शेजारचीच.”

तो शब्द फिरवता येत नाही. शेजारचं तिकीट मी आयझादासाठी घेणार होते, ते त्याला गेलं. पोरीने तोंड पाडलं, पण म्हणाली, “मावशी, बोललीस ना तू? मग झालं.”

४. म्हणून स्पष्ट लिहिते. मी जगले तर हा कागद फाडावा, मी स्वतः जाईन, आणि ओराल्बेकने तोंड मिटून बसावं. मी गेले तर माझं तिकीट कोणालाही देऊ नये. आयझादालासुद्धा नाही; पोरी, मला माफ कर. माझ्या खुर्चीवर माझा डेपोचा नारिंगी कोट ठेवावा. ओराल्बेकने माझ्या शेजारची जागा मागितली होती, ती त्याला मिळेल. ते गाणं वाजेल तेव्हा त्याने उठू नये. या वेळी शेवटपर्यंत माझ्याजवळ बसावं.

साक्षीदार म्हणून सही करायला ओराल्बेक हटून बसला होता. ज्याला काही मिळतं त्याची सही चालत नाही, असं वकीलबाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, “मला मिळतंय? काय मिळतंय?” ते त्याला कोणी सांगू नये.

साक्षीदार: ल्युदमिला किम, शेजारीण (सही)
विक्टर श्टुम्फ, क्रेन डेपोतील जुना सहकारी (सही)
लिहून देणार: कुलयाश बेक्तुरोवा (सही)
करागंदा, २९ ऑगस्ट २०२३